दहापैकी साडेचार

आलात का वहिनी? काल रात्री तुमच्या हॉलमध्ये दिवा दिसला, म्हटलं नागपूरकर परतले एकदाचे. या ना, अशा भिंतीपाशी या. खाली टँकरवाला पाणी सोडतोय, त्या मोटारीच्या घरघरीत माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. संत्राबर्फी आणलीत? अगंबाई! द्या की, भिंतीवरूनच द्या.

तर तुम्ही तिकडे लग्नात आणि इथे चेन्नईत बिल्डिंगच्या गाण्यांच्या ग्रुपवर महाभारत. काहीच वाचलं नाहीत? बरोबर आहे, लग्नघरात फोन चार्जिंगला लावायला जागा मिळत नाही, वाचतंय कोण. थांबा, मी सांगते. डिकाशन उतरतंय तोवर मला वेळच आहे.

तुम्ही गेलात तेव्हा नियम नुसते ठरत होते. आता पक्के झालेत. गुरुवारी एकाची पाळी, त्याने एकच गाणं टाकायचं, आणि स्वतःच्या मातृभाषेतलं टाकायचं नाही. म्हणजे आपण मराठी नाही, मामींनी तमिळ नाही. हे कलम मामींचंच. म्हणाल्या, नाहीतर तुम्ही लता लता करत बसाल, आमची माणसं इळैयाराजा इळैयाराजा करतील, आणि कोणी कोणाचं ऐकणार नाही. गाणं शेवटपर्यंत ऐकायचं. मग रविवारी गच्चीवर मामींच्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, दहापैकी गुण लिहून. चिठ्ठीवर नाव नाही.

मामींना ही हौस जुनी हो. लहानपण माटुंग्याचं ना त्यांचं, मराठी आपल्यापेक्षा बरं बोलतात. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की वही-पेन्सिल घेऊन बसायच्या, कोणतं गाणं कितव्या पायदानावर ते लिहायला. पण तिथे गुण नव्हते. रेकॉर्डी किती खपल्या, श्रोत्यांच्या क्लबांनी काय कळवलं, त्यावरून हे वर आणि ते खाली. नाही पटलं तरी भांडणार कोणाशी? अमीन सायानी मुंबईत, आवाज कोलंबोहून. इथे भांडण जिन्यातच भेटतं.

पहिली पाळी मामींची. त्यांनी टाकलं ‘जोगवा’तलं ‘जीव रंगला’. झालं, आपली बाजू हरखली. तिसऱ्या मजल्यावरचा कोल्हापूरचा पोरगा, तो ओएमआरवरच्या कंपनीतला, त्याने दहा दिले असणार. मी नऊ दिले. दहा दिले तर बाई हावरट दिसते. रविवारी मामी एकेक चिठ्ठी उलगडून वाचायला लागल्या. नऊ. दहा. आठ. नऊ. आणि मग साडेचार.

साडेचार, वहिनी! चिठ्ठीवर नाव नसलं म्हणून काय झालं? अर्ध्या गुणाचा हिशेब ठेवणारा माणूस आपल्या बिल्डिंगमध्ये एकच. तळमजल्यावरचे बँकेतले मामा. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मामांनी लपवलंही नाही. म्हणाले, हो, माझी चिठ्ठी. तो पोरगा उसळलाच. म्हणाला, मामा, या गाण्याला हरिहरननी राष्ट्रीय पुरस्कार घेतलाय, श्रेया घोषालने घेतलाय, संगीताचा अजय-अतुलनी घेतलाय, 2008 सालचे आहेत पुरस्कार. मामा शांतपणे म्हणतात, मी गुण गाण्याला दिले, पुरस्काराला नाही. आणि हरिहरन तर आमच्यातलाच मुलगा, घरच्या मुलाचे पेपर जरा कडकच तपासायचे असतात.

खोटं कशाला बोलू, मला लागलं ते. कोथिंबीरवडी केली होती, सगळ्यांकडे गेली, तळमजल्यावर नाही गेली. मामींच्या लक्षात आलंच. दुसऱ्या दिवशी इथेच उभ्या राहून मला म्हणाल्या, अगं वेडे, साडेचार म्हणजे वाईट नाही. तू ‘आनंद विकटन’ वाचत नाहीस म्हणून तुला राग येतोय.

आता हे ऐका हां, हे मलाही नवीन होतं. ते साप्ताहिक वर्षानुवर्षं सिनेमांना शंभरपैकी गुण देत आलंय. आणि गुण किती? पस्तीस, अडतीस, चाळीस. चाळिशी ओलांडली की लोक म्हणतात, जाऊन बघायला हवा. सगळ्यांत जास्त कोणाला मिळाले ठाऊक आहे? भारतीराजांचा पहिला सिनेमा, 1977 सालचा ‘16 वयदिनिले’. कमल हासन, श्रीदेवी आणि आपले शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत हो, सगळे त्यात. संगीत इळैयाराजांचं. त्याला मिळाले साडेबासष्ट! वर आणि अर्धा गुण बघा. मामांचा तो अर्धा कुठून आला ते मला तेव्हा कळलं. तिथे साडेबासष्टला लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि आपण एखाद्या भाच्याने कॅसिओवर राष्ट्रगीत वाजवलं तरी दहापैकी दहा देऊन मोकळे.

नाही, खरंच विचार करा वहिनी. आपण गुण देतो का? आपण ओटी भरतो. समोरच्याने गाणं आणलं ना, मग त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून नऊ. गाणं आवडलं की नाही याचा त्यात संबंधच नाही. मामांनी गाणं खरोखर ऐकलं होतं. कुठे बासरी जास्त झाली, कुठे कोरस उगाच आला, सगळं सांगत होते. मला मेलीला एक सांगता येईना, फक्त ‘कित्ती छान’ म्हणता येत होतं. पण म्हणून साडेचार द्यावेत असंही नाही हं. पाच द्यायला काय झालं होतं?

मग पोराची पाळी आली. डूख धरूनच बसला होता. त्याने टाकलं ‘वळैयोसै’. 1988 च्या ‘सत्या’तलं, इळैयाराजांचं, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि आपल्या लताबाई. कमल आणि अमला गर्दीच्या बसमध्ये, दाराला लोंबकळत. आता गंमत अशी, की गाणं तमिळ म्हणून पोराला चालतं, आणि आवाज लताबाईंचा म्हणून आपण सगळ्या विरघळलेल्या. आम्हा बायकांचे दहा ठरलेले. मामींनी डोळे वटारले, दहा दिलेत तर डबा बंद करीन म्हणाल्या. म्हणून नऊ दिले. मामांचे किती? सहा. यावेळी अर्धा नाही. पोरगा खट्टू झाला, पण मामी माझ्या कानात म्हणाल्या, अगं यांनी सहा दिले म्हणजे पाया पडल्यासारखं आहे. मग मामाच बोलायला लागले, पल्लवनच्या बसने पॅरीजला बँकेत जायचे, रोज दाराशी लटकत. लताबाईंच्या तमिळ उच्चारांबद्दल त्यांची तक्रार होतीच, ती त्यांनी सविस्तर सांगितली, पण सांगताना गुणगुणत होते.

पळ्ळिकरणैकडून आज वास येतोय का हो? मला वाटतं वारा फिरला. खिडकी लावून घ्या जाताना.

हां, तर मामांची पाळी. त्यांना तमिळ टाकता येईना. त्यांनी टाकला अरुणा साईराम यांनी गायलेला अभंग. सगळे म्हणाले वा. आणि पहिल्या मजल्यावरच्या तंजावरच्या आजींनी हरकत घेतली! त्या घरात तंजावरी मराठी बोलतात ना. म्हणाल्या, हा आमचा अभंग आहे, आमच्या भाषेतला, याने कसा टाकला? मामा म्हणाले, मी तमिळ, मला मराठी चालतं. आजी म्हणाल्या, तुला चालतं, पण अभंग हे इथलंच गाणं आहे, बाहेरचं नाही, तेव्हा ते तुझ्याही भाषेतलं धर. काय कायदा काढला बघा! पण बोलल्या ते उगाच नाही. व्यंकोजीराजे तंजावरला 1676 च्या सुमारास बसले, ते राज्य 1855 पर्यंत चाललं. राज्य संपलं तरी आपले कीर्तनकार तिकडे जातच राहिले. तंजावर कृष्ण भागवतर म्हणून एक होऊन गेले, 1903 मध्ये वारले. त्यांनी मराठी कीर्तनाचा ढंग कर्नाटक संगीतात मिसळला आणि तमिळ हरिकथा उभी केली. साकी, दिंडी, ओवी, अभंग, सगळं त्यात. आजींच्या माहेरी भजनाला अभंग असायचाच. अरुणाबाई मुंबईत वाढल्या, त्यांनी कच्चेरीच्या, म्हणजे मैफलीच्या, शेवटी अभंग म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्या सभांना वेड लावलं ते खरं, पण जमीन आधीच नांगरलेली होती असं आजींचं म्हणणं.

मग प्रश्न उरला आजींचाच. घरात मराठी, बाहेर तमिळ. त्यांची मातृभाषा कोणती धरायची? मामी म्हणाल्या, दोन्ही. म्हणजे दोन्ही बंद. आजी अजिबात रुसल्या नाहीत. गुरुवारी थेट तलत महमूद टाकला आणि बाकी सगळ्यांकडून सातच्या वर गुण घेऊन गेल्या. मामांकडून साडेसहा.

अभंगावरूनच मग मी आणि मामी मार्गळी महिन्यातली कच्चेरी ऐकायला गेलो. पेरुंगुडी स्टेशनवरून गाडी पकडली, तिरुमयिलैला उतरलो. दुपारच्या कच्चेऱ्या फुकट असतात, गाणारी पोरं नवी. पण ऐकणारे बघायला चला माझ्याबरोबर एकदा. त्या दिवशीच्या गाणाऱ्या मुलीने आलापना सुरू केली न केली तोच मागच्या रांगेत दोन आजोबांची कुजबुज, हा राग की तो. एकाने पिशवीतून वही काढली. मृदंगाचं तनी आवर्तनम, म्हणजे एकट्याचं वादन, सुरू झालं आणि निम्मं सभागृह कँटीनकडे. बिचारा मृदंगवाला खुर्च्यांना वाजवून दाखवतोय. आणि शेवटी तिने अभंग धरला तेव्हा तेच सगळे हातात कॉफीचा टंबलर घेऊन दाराशी परत उभे! मामा कुठे शिकले ते मला त्या दिवशी कळलं. गुण द्यायचे हे इथे रक्तातच आहे.

शंकर महादेवन कोणाचा यावरून मधे एकदा वाद झाला, तो सोडून देते. चेंबूरचा तमिळ मुलगा, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला, ‘कट्यार’मध्ये पंडितजी झालेला. मामी म्हणाल्या आमचा, पोरगा म्हणाला आमचा, आजी म्हणाल्या त्याला विचारा.

आता मुख्य गोष्ट. जवळ या. समोरच्या फ्लॅटमधली ती नवी लग्न झालेली तेलुगू मुलगी आहे ना, तिची पाळी होती. तिने टाकलं ‘झिंगाट’. हसू नका! ‘सैराट’ला आता किती वर्षं झाली, 2016 चा, तरी हिच्या लग्नात विजयवाड्याला वाजलं म्हणे. पोरगा लगेच व्याख्यान द्यायला लागला, ‘सैराट’चं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रित केलंय, अजय-अतुल इळैयाराजांना गुरू मानतात, वगैरे. मामा म्हणाले, वाद्यवृंद असेल तो बाकीच्या गाण्यांत, यात मला फक्त ढोल ऐकू येतो. आम्ही समजलो, आज दोन मिळतात की अडीच.

रविवारी चिठ्ठ्या निघाल्या. सात. सहा. आठ. आम्ही पण सुधारलोय आता, नऊ कोणी देत नाही. आणि मामींनी पुढची चिठ्ठी उघडली, चष्मा पुसला, परत बघितली. साडेआठ.

साडेआठ! ‘जीव रंगला’ला साडेचार, लताबाईंना सहा, तलतला साडेसहा, आणि ‘झिंगाट’ला साडेआठ! कोणी काही बोलेना. मामा उठले आणि भर सभेतून टाकीतल्या पाण्याची पातळी बघायला गेले. पाण्याची पातळी, वहिनी! टँकर तासाभरापूर्वी येऊन गेलेला.

पोरगा शपथेवर सांगतो की पहाटे गच्चीवर व्यायामाला जातो तेव्हा मामा कानात वायर घालून फेऱ्या मारत असतात, आणि पाय सरळ पडत नाहीत. कुठलं गाणं ते त्याला ऐकू आलं नाही. पण आदितालात तसं चालता येत नाही, एवढं मामी खात्रीने सांगतात. मामांना विचारायची हिंमत कोणाची नाही. मामींनी वहीत आकडा लिहिलाय, शेरा काही लिहिला नाही. मी म्हणते, चूक काय त्यात? माणसाला नाचावंसं वाटलं तर त्याने नाव न लिहिलेल्या चिठ्ठीवर तरी खरं लिहावं. फक्त त्या अर्ध्या गुणाची सवय मोडायला हवी होती.

बरं, येत्या गुरुवारी तुमची पाळी आहे, विसरू नका. तमिळ शोधा. माझं ऐकाल तर आशाबाईंचं ‘शेण्बगमे’ टाका, 1987 च्या ‘एंग ऊरु पाट्टुकारन’मधलं, इळैयाराजांचंच. आपल्या बायका खूश, मामींना राजा मिळाला, आजींना चाल आवडते. मामा सहा देतील. सातच्या वर गेले तर मला हाक मारा, रात्रीचे अकरा वाजलेले असोत, मी भिंतीपाशी येते.