डिकीतला पखवाज

बंगळुरात निवांत संगीत ऐकायचं तर सिल्क बोर्डच्या चौकासारखी बैठक नाही. गाडी हलत नाही आणि श्रोत्याला उठून जाता येत नाही. त्यामुळे भाच्याने डिकीत सबवूफर बसवायचं काढलं, तेव्हा मी विरोध केला नाही. ताई एवढंच म्हणाली, "त्या पैशात मिक्सर घ्या. आवाज तेवढाच येईल, वर चटणी."

जे. सी. रोडवरच्या कारागिराने अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि स्क्रूड्रायव्हरने गेन, बेस बूस्ट, जे फिरेल ते टोकापर्यंत फिरवलं. वर विचारलं, "जास्ती माडला, सार?" म्हणजे आणखी वाढवू का. आरशातली रिक्षा दोन-दोन दिसायला लागली. नंबरप्लेटने स्वतंत्र ताल धरला.

आता गेन म्हणजे काही आवाज वाढवायची चावी नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती व्होल्टचा, त्याच्याशी अ‍ॅम्प्लिफायरचं जुळवून देणं एवढंच तिचं काम. ती फार उघडली की लहरींचे माथे सपाट छाटले जातात आणि सबवूफरची कॉइल तापून जळते. म्हणून एस. पी. रोडवरून मल्टिमीटर आणला. अ‍ॅम्प्लिफायरचे १०० वॅट गुणिले सबवूफरचे ४ ओहम, त्याचं वर्गमूळ २०, तेवढे व्होल्ट हवेत. सबवूफरची वायर सोडवायची, स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून ५० हर्ट्झचा सूर लावायचा आणि मीटरवर २० व्होल्ट दिसले की हात आवरायचा. आकडा आला, पण चावी निम्म्यावरही गेली नव्हती. भाच्याचा चेहरा पडला. "मामा, पैसे तर पूर्ण दिलेत!"

बेस बूस्ट मी शून्यावर नेला. ती सोय कोणाच्या भल्यासाठी केली असेल असं मला वाटत नाही. वरचे सूर गाळणारा लो-पास ८० हर्ट्झवर. या सुराची लहर सव्वाचार मीटर लांब, आणि भाच्याची गाडी सरकारी करसवलतीच्या कृपेने चार मीटरच्या आत. म्हणजे लहरीचं शेपूट डिकीबाहेरच राहणार.

तपासणीला भीमसेनअण्णांचा अभंग लावला. अण्णा गदगचे, त्यामुळे आमचा धारवाडकडचा वॉचमनही येऊन उभा राहिला. पखवाजी धुमेवरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक चिमूटभर काढतो, चिमूटभर लावतो, तसा भाचा गेन केसभर मागेपुढे करत होता. अखेर घुमारा सुटा झाला, अण्णांचा आवाज मोकळा झाला, काचा गप्प बसल्या.

वॉचमनने शेवटपर्यंत मान डोलावली. मग डिकीत वाकून म्हणाला, "छान, सार. आता बेस चालू करा ना."