काखेत कळसा, नेटला वळसा

ब्रॅम कोहेन यांनी 2001 साली लोकांना एकमेकांकडून फाइलचे तुकडे घेऊ देणारं बिटटोरंट आणलं, तेव्हा त्यात समता काठोकाठ भरली होती. फाइल मागितली की ट्रॅकर नावाचा सर्व्हर त्या फाइलच्या वाटेकऱ्यांची यादी देणार, तीही डोळे मिटून. त्या यादीत वरच्या मजल्यावरचा कुणी निघाला तर नशीब. नाहीतर सिनेमाचा तुकडा थेट ब्राझीलहून यायचा.

इंटरनेट कंपन्या वैतागल्या. डेटा आपल्याच जाळ्यात फिरला तर स्वस्तात पडतो, बाहेर गेला की बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीच्या हातावर पैसे ठेवावे लागतात. आता कुठला ग्राहक कुठल्या तारेवर बसलाय, हे याच कंपन्यांना ठाऊक. तेवढं सॉफ्टवेअरच्या कानात सांगितलं असतं तर काम भागलं असतं. अमेरिकेतल्या कॉमकास्टने 2007 मध्ये त्याऐवजी दोन संगणकांच्या संभाषणात त्यांच्याच नावाने ‘जोडणी तोडा’ असे खोटे निरोप घुसडले. 2008 मध्ये सरकारी नियामक एफसीसीने कॉमकास्टचे कान उपटले. 2010 मध्ये कोर्टाने एफसीसीलाच विचारलं, तुम्हाला हा अधिकार दिला कुणी?

दरम्यान येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘पी-फोर-पी’ मांडलं : कंपनीने जवळचं-लांबचं सांगावं, सॉफ्टवेअरने ऐकावं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या दोघांनी कंपनीला विचारण्याची भानगडच ठेवली नाही. वेबसाइटचा मजकूर जागोजागच्या सर्व्हरांवरून पुरवणाऱ्या अकामाईसारख्या कंपन्या प्रत्येकाला सोयीच्या सर्व्हरकडे धाडतात. दोन ग्राहकांना वारंवार त्याच सर्व्हरांकडे धाडलं जात असेल, तर ते बहुधा शेजारी. या तर्कावर संशोधकांनी ‘ओनो’ हे प्लगइन बांधलं. मोजणी अकामाईची, फायदा बिटटोरंटचा!

शेजाराचंही एक गौडबंगाल आहेच. एकाच जिन्यातल्या दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असतील, तर या दारातला डेटा त्या दारात जाण्याआधी त्या कंपन्या जिथे जोडल्यात तिथवर, प्रसंगी दुसऱ्या शहरात, हेलपाटा घालून येतो. आणि फक्त जवळच्यांशीच देवघेव ठेवली, तर सगळ्यांकडे तेच तुकडे आणि सगळ्यांकडे तोच एक गहाळ. म्हणून यादीत चार लांबचे ठेवावेच लागतात.

एवढं सगळं कळल्यावर मानक ठरवायला किती वेळ लागावा? जवळ-लांब सांगणाऱ्या ‘आल्टो’ प्रोटोकॉलचं मानक, आरएफसी 7285, निघालं 2014 मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधीच नेटफ्लिक्सने इंटरनेट कंपन्यांच्या जागेत आपले सिनेमे साठवलेल्या पेट्या ठेवायला सुरुवात केली होती. ग्राहकांनी एकमेकांना फुकट दिलं तो भार ठरला. कंपनीने तेच विकत दिलं, तर तिला घरात जागा मिळाली. जवळून माल घ्यावा हे सगळ्यांना पटलं, फक्त शेजाऱ्याकडून घेऊ नये एवढंच!