गोदीतली खुर्ची

"वहिनी, भाचा मुंबईच्या नौदल डॉकयार्डात ॲप्रेंटिस लागला म्हणे?"

"लागला की अण्णा! पण तुमचा सगळ्यात मोठा साहेब कोण, असं विचारलं तर म्हणतो ॲडमिरल सुपरिटेंडंट. हे काय असतं?"

"बरोबर सांगतो पोरगा. हुद्द्यानं रिअर ॲडमिरल, सगळी गोदी त्यांच्या हाताखाली. आणि त्यांच्यावर पश्चिम कमांडचे व्हाइस ॲडमिरल. ती कमांड 1968 ची. गोदीचा कारभार मात्र फार जुना. कंपनीच्या राज्यात तिथं सुपरिटेंडंट ऑफ मरीन बसायचा, गोरा. जरा गडग्याजवळ या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही."

"आले. बोला."

"1827 साली ती खुर्ची मिळाली चार्ल्स माल्कमला. कंपनीच्या आरमारातला नव्हे हं, राजाच्या नौदलातला. आणि त्याच साली मुंबईचा गव्हर्नर कोण झाला? जॉन माल्कम!"

"भाऊ की काय?"

"सख्खा."

"अगं बाई! वशिला तेव्हाही होताच म्हणायचा."

"मी कुठं म्हणालो? भाऊ 1830 च्या डिसेंबरात विलायतेला गेला, तरी हा पुढं टिकला. एकूण दहा वर्षं. म्हणजे अंगात पाणी होतं. त्याच्याच कारकिर्दीत बॉम्बे मरीनचं इंडियन नेव्ही झालं, ह्यू लिंडसे ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली. पण बोट बांधली कुणी?"

"कुणी?"

"वाडियांनी! लवजी नसरवानजी 1736 च्या सुमारास सुरतेहून आले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या जहाजं हीच मंडळी बांधत होती. त्यांचं 1817 चं सागवानी ट्रिंकोमाली इंग्लंडात हार्टलपूलला अजून जपून ठेवलंय. खुर्चीत साहेब, अक्कल पारशाची."

"मग पारशाला मोठी जागा नाही दिली कधी?"

"दिली ना. अर्देशीर कर्सेटजींना. 1841 साली गोदीतल्या वाफेच्या कारखान्याचे मुख्य इंजिनियर केलं, हाताखाली गोरे कारागीर. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीनं फेलो करून घेतलं, पहिला हिंदी माणूस. त्याआधी स्वतःच्या घरात गॅसचे दिवे लावून त्यानं गव्हर्नरला बोलावलं होतं. तरी मुंबईतल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रानं नाक मुरडलंच, नेटिव्ह माणूस गोऱ्यांवर हुकूम कसा चालवणार म्हणून."

"मेल्यांना पोटदुखी!"

"आणि आता आपल्या अलिबागची गोष्ट. बॉम्बे कॅसलमध्ये बसून कंपनीवाले कान्होजी आंग्र्यांना चाचा म्हणायचे. 1717 ला विजयदुर्गावर आले, 1718 ला खांदेरीवर, 1721 ला पोर्तुगीजांना घेऊन इथं कुलाब्यावर. तिन्ही वेळा हात हलवत परत."

"हे आमच्या सासऱ्यांकडून ऐकलंय."

"पुढचं नसेल ऐकलं. त्या कॅसलमध्ये आज नौदलाचा तळ आहे, आणि 1951 पासून त्याचं नाव आयएनएस आंग्रे."