पाण्याच्या टाकीला दाराची बेल

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणी घर बांधायला काढलं की सल्लागार बोलवावे लागत नाहीत, ते येतात. पूर्वी त्यांत वास्तुशास्त्राचा जाणकार, तालमीतला एखादा वजनदार माणूस आणि माडीवर हक्क सांगणारा चुलतभाऊ एवढेच असत. आता बांधकामाचा नकाशा तपासणारं एआय आलं आहे. "भावा, आर्किटेक्ट चुकंल, एआय चुकत न्हाई," हे वाक्य मिरजकर तिकटीला इतक्या ठामपणे ऐकू येतं की बोलणाऱ्यानं आर्किटेक्टची फी बुडवली असावी अशी शंका येते.

यंत्रानं नकाशा तपासणं तसं जुनंच. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीचं ऑटोडीसीआर कितीतरी वर्षं हेच करतं. हद्द, भिंत, जिना, प्रत्येक गोष्ट संगणकावरच्या नकाशात ठरलेल्या लेअरवर, म्हणजे थरावर, काढायची, मग ते मापं घेऊन नियमांशी ताडतं. लेअर चुकला तर बेडरूम कागदावर असते, हिशेबात नसते. नवं एआय म्हणतं, लेअर-बिअर राहू दे, स्कॅन केलेला कागद द्या, खोली कसली ते मी बघून ओळखतो.

नेमकी इथंच पेठेला धडकी भरली. नकाशात खोलीला जे नाव असतं ते आमच्याकडं मंजुरीपुरतं असतं. 'स्टोअर रूम'ला रस्त्याकडून दहा फुटी शटर असतं. 'पार्किंग'ला मोरी असते, भिंतीत ओट्याची जागा असते आणि गाडी बाहेर बोळात असते. (शाहू महाराजांनी 1912 साली बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात कुठंही बसा, कुस्ती दिसते. त्याच पेठेतल्या नव्या पार्किंगमध्ये कुठूनही वळवा, गाडी आत जात नाही.) यात पेठकरांचा लोभ आहेच, पण नाइलाजही आहे. 1972 ला महापालिका झाली, पुढं कित्येक दशकं शहराची हद्द काही वाढली नाही, म्हणून माणसांनी माडी वाढवली.

नियम नाहीत असं नाही. मुंबईसारखे काही भाग सोडून सगळ्या महाराष्ट्राला डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, दाट वस्तीसाठी तीत वेगळ्या तरतुदी आहेत. दीडशे चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट ठरावीक अटींत 'कमी जोखमी'चा धरतात. ही जोखीम शासनाच्या बाजूनं मोजलेली आहे, शेजाऱ्याच्या नव्हे. सिंगापूरनं यंत्राकडून नकाशे तपासायचा घाट घातला तेव्हा एकेक नियम यंत्राला कळेल असा मांडून द्यावा लागला. आपल्याकडं बरेच नियम 'प्राधिकरणाच्या मते' या शब्दांपाशी येऊन टेकतात. प्राधिकरणाचं मत कुठल्या लेअरवर काढायचं?

तर, पेठेतल्या आबांनी घर बांधायला काढलं आणि त्यासाठी एआय निवडायची बैठक बसली. तीन कंपन्यांची तीन पोरं लॅपटॉप घेऊन आली. तिघांनीही आपापल्या घरून आणलेला, चहूबाजूंनी हिरवळ असलेल्या बंगल्याचा नकाशा लावला आणि त्यातल्या चुका पटापट काढून दाखवल्या. तालमीत उमेद घालवलेल्या तात्यांनी लगेच ओळखलं, "ही नूरा कुस्ती झाली. आमचा कागद घाला, मग बघू." सॉफ्टवेअर निवडण्याबाबत इतका शहाणा सल्ला मी कुठल्या परिषदेत ऐकलेला नाही. आपला नकाशा द्यायचा, त्यात आपल्याला ठाऊक असलेल्या चुका ठेवायच्या आणि किती सापडतात, किती सुटतात आणि नसलेल्या किती दिसतात ते बघायचं.

तसा आबांचा नकाशा घातला. पहिल्या एआयनं दोनशेच्या वर शेरे मारले. शेजारची इमारत तुमच्या इमारतीला चिकटली आहे, हा त्यातला सर्वांत गंभीर. "आजोबाच्या काळापास्नं चिकटलीया. सामाईक भिंत हाय ती, आता कुठं सरकवू?" आबा म्हणाले. फूट-इंचातली मापं त्यानं मीटरमध्ये वाचली, त्यामुळं आबांचा संडास खासबागेएवढा झाला. देवघरावर बोट ठेवून या खोलीत किती जण राहतात, असं त्यानं विचारलं. "तेहतीस कोटी लिवा," वैनी आतून म्हणाल्या.

दुसऱ्यानं दहा सेकंदांत 'सर्व ठीक' असं हिरव्या अक्षरांत सांगितलं. जिना वरच्या मजल्याला पोचतच नव्हता, तरी ठीक. हे सगळ्यांना फार आवडलं.

तिसरं खरोखर हुशार निघालं. तळमजल्याच्या नकाशातला कॉलम वरच्या मजल्यावर दारात येतो, हे त्यानं दोन कागद शेजारी ठेवून पकडलं. सेक्शनमधली आणि प्लॅनमधली जिन्याची मापं जुळत नाहीत, हेही सांगितलं. इथवर माना डोलल्या. मग ते गच्चीवर गेलं. 'पाण्याची टाकी' असं लिहिलेल्या चौकोनाला दोन खिडक्या, एक न्हाणीघर आणि विजेच्या नकाशात दाराची बेल कशासाठी, असं त्यानं नम्रपणे विचारलं. बैठकीत शांतता पसरली. "लईच आगाऊ हाय हे," आबांनी निकाल दिला.

दुसरं ठरलं. स्वस्तही होतं. तरी जिन्याचा मुद्दा मला सोडवेना, म्हणून बापू गवंड्याला गाठून मापं जुळत नसल्याचं सांगितलं. बापूनं तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"त्यो स्लॅब गेल्या गुरुवारीच टाकला की," तो म्हणाला. "जिना बसवलाय आमी हिशेबानं. तुमचं ते मशीन काय म्हणतंय ते लिवून घ्या, नकाशा दुरुस्त करायला सांगू."