फेणे मोठा झाला, पंचाईत झाली

फास्टर फेणे हा भा. रा. भागवतांनी घडवलेला शाळकरी नायक. मूळ नाव बनेश फेणे, गाव फुरसुंगी, मुक्काम पुण्याची विद्याभवन शाळा. अंगाने काडीपैलवान, सायकलवर सुसाट, आणि जाईल तिथे भानगड आधीच येऊन बसलेली. परी-राक्षस नसले तरी मराठी मुलांची अद्भुतकथा ती हीच. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या लेखकाने ती लिहिली आणि राम वाईरकरांनी तिला चेहरा दिला. विमानचोर, चक्रीवादळ आणि चिंपांझी यांना हा मुलगा पुरून उरला, तेही कुठलाही क्लास न लावता.

फेणेची खूण म्हणजे 'ट्टॉक'. जीभ टाळूला घट्ट चिकटवायची आणि झटक्यात सोडायची. हा आवाज वर्गात शेवटच्या बाकावरून काढायचा असतो. वाचकांच्या किमान दोन पिढ्यांनी त्यापायी अंगठे धरले असतील. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने तो काढला, तेव्हा निदान मिसरूड फुटण्याचे वय होते. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपट २७ ऑक्टोबर २०१७ रोजी आला, त्यात तो तिशीच्या उंबरठ्यावरच्या अमेय वाघने काढला. नट गुणी, आवाजही बरोबर. पण थोराड माणसाने ट्टॉक केले की दाताला काही अडकले असावे असे वाटते.

चित्रपटातला फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या घोटाळ्याचा, एका खुनाचा माग काढतो. पुण्यात वयात येणे म्हणजे प्रवेशपरीक्षेला बसणे, हे निरीक्षण अचूकच म्हणावे लागेल. शिवाय मुले तिकीट काढत नाहीत, पालक काढतात. आणि पालकांना प्रवेशपरीक्षेइतके थरारक दुसरे काही वाटत नाही. गिरीश कुलकर्णींचा अप्पा हा खलनायक झकास आहे. पडद्यावर खरा फास्टर तोच, आणि मुलांच्या नायकाच्या नावाने निघालेल्या चित्रपटाची हीच गोची आहे. दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवतच कथेत वावरतात. हा मान देखणा खरा, मात्र लेखकालाच घरात आणून बसवल्यावर त्याचे पुस्तक उघडायची निकड उरत नाही.

सुटा गुन्हेपट म्हणून चित्रपट नेटका आहे आणि अनेकांना तो आवडलाही. त्याचे नाव दुसरे काहीही असते तर तक्रारच नव्हती. इथे नाव, गाव आणि ट्टॉक राखून बालपण तेवढे वगळले आहे. बासुंदीत दूध सोडून बाकी सगळे घालावे तसे.

योगायोग असा की चित्रपट आला त्याच ऑक्टोबरात फुरसुंगी पुणे महापालिकेत घेतली गेली. पुढे मिळकतकर आणि अपुऱ्या सोयींना वैतागून गावकऱ्यांनी बाहेर पडायचा धोशा लावला, आणि २०२४ मध्ये उरुळी देवाचीसह तिची वेगळी नगरपरिषद झाली. फुरसुंगी सुटली. पडद्यावरचा फेणे अजून परीक्षेच्या भानगडीतच आहे.

घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला फेणे भेटवायचा असेल, तर चित्रपट तूर्त राहू द्यावा. पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाने ही पुस्तके काढली आहेत. ती आणावीत, आणि घरात दिवसभर चालणारे ट्टॉक ट्टॉक सोसावे.