चार्मथचा चिठ्ठीवाला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चार्मथ आणि लाइम रीजिसच्या आसपास हिवाळी वादळ होऊन गेलं, की शहाणी माणसं शेकोटीशी बसतात आणि हा जीवाश्म वेचणारा बाहेर पडतो. खांद्याला पिशवी, हातात हातोडी, मान कायमची खाली. शेजारून राजा गेला तरी पत्ता लागायचा नाही. रात्री दरड कोसळली ही बातमी गावाला धास्तीची, याला दुकानात नवा माल आल्याची. ओहोटी लागली की चिखलातले राखाडी गोटे वेचायचे आणि नेमक्या कडेवर घाव घालायचा. बहुतेक गोटे कोरे निघतात. एखाद्यात मात्र वेटोळं घातलेला अमोनाइट, म्हणजे एका नामशेष समुद्री जीवाचा अश्मीभूत शंख असतो, सुमारे 19 कोटी वर्षांनी उजेड पाहणारा.

लोक याला दगड जमवणारा म्हणतात. मला वाटतं, हा दगड जमवतच नाही, पत्ते जमवतो. त्याचा खण उघडून पाहा. प्रत्येक दगडाखाली चिठ्ठी: ठिकाण, थर, तारीख. चिठ्ठी हरवली की तोच दगड त्याच्या लेखी कागदावर ठेवायचं वजन होतो. हे निव्वळ वेड नाही. अमोनाइटच्या जाती भराभर बदलल्या आणि दूरदूरच्या समुद्रांत पसरल्या, म्हणून त्यांच्यावरून खडकाचं वय ठरतं. 1856 ते 1858 मध्ये आल्बर्ट ओपेल या जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञाने ज्युरासिक थरांची विभागणी केली ती प्रामुख्याने यांच्याच भरवशावर. मग एकाच जातीचे चाळीस कशाला, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. पण लग्नपत्रिका जपणाऱ्याला ‘सगळ्यांवर गणपतीच तर आहे’ म्हणून काय उपयोग? नावं वेगळी असतात ना! दुसरा आक्षेप लुटीचा. तो कडा पोखरणाऱ्याला लागू आहे, आणि तिथल्या जीवाश्म वेचण्याच्या आचारसंहितेला ते मंजूरही नाही. खाली पडलेला अमोनाइट उचलला नाही, तर लाटा त्याची वाळू करतात. आणि समुद्र काही चिठ्ठी लिहून ठेवत नाही. आपल्या देवघरातला शाळिग्रामही पुष्कळदा काळी गंडकीतला अमोनाइटच असतो, त्याला कोणी थर विचारत नाही, हे खरं. हा गृहस्थ मात्र हात जोडायच्या आधी विचारील.

हा पत्तेच जमवतो याचा शेवटचा पुरावा पायराइटचा, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचा. त्याच्यामुळे चार्मथचे कित्येक छोटे अमोनाइट पितळेसारखे चकाकतात, आणि दमट हवेत सडतात: पांढरट भुकटी, गंधकाचा वास, शिवाय कागद खाणारं आम्ल. हे सुरू झालं, की हा आधी चिठ्ठी उचलून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालतो. दगडाचं मग बघू.