जावईबापू सबमॉड्यूलराव यांस

रा. रा. सबमॉड्यूलराव जावईबापू यांस, नांदेडहून कृ. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल रात्री चाचणीच्या सर्व्हरवर तुमची खोली, म्हणजे आमच्या कोडच्या आत दुसऱ्याच्या कोडसाठी राखलेली जागा, उघडली. दारावर पाटी तुमचीच, आत चटईसुद्धा नाही. चूक आमची. आम्ही साधं 'गिट क्लोन' केलं. २००७ साली गिटच्या घरात आलात, पण रुसणं अजून पहिल्या दिवाळसणाचंच! तुम्हाला '--रिकर्स-सबमॉड्यूल्स' लागतं, म्हणजे आपल्याकडचं चूलबंद आवतन. नुसतं 'इनिट' न् 'अपडेट' म्हटलं, तर तुम्ही एकटे येता आणि तुमच्या पोटातले पाहुणे वेशीबाहेरच राहतात.

आणि पोटात पाहुणे आहेतच. आमच्या चाचणीत लातूरच्या मित्राचं सोयाबीनच्या पट्टीचं कोड, त्याच्या आत रुपये अक्षरी लिहिणारं कोड. त्या आतल्याचं कुलूप वेगळं. सर्व्हरकडे किल्ली फक्त बाहेरच्या दाराची.

तुम्ही एकाच कमिटला चिकटून बसता, याचं मात्र कौतुक आहे. आजची चाचणी उद्या बदलत नाही. पण परवा लातूरकर स्वतःचं काम पुश करायला विसरला, आणि तुम्ही सर्व्हरकडे असं कमिट मागत बसलात जे त्याच्या लॅपटॉपशिवाय जगात कुठेच नव्हतं. त्याच्याकडे सगळं हिरवं, आमच्याकडे लाल. फोनवर तो म्हणाला, "माझ्याकडं तर चालतंय की!"

आतल्याच्या आतला गेला की काय होतं, हे लातूरला कुणी शिकवायला नको. २२ मार्च २०१६ रोजी लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या कोडच्या कोठारातून निघालं, आणि ज्यांनी ते नाव कधी ऐकलंही नव्हतं त्यांचे बिल्ड जगभर आडवे झाले. तीन आठवड्यांनी, १२ एप्रिलला, मिरजेहून १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला पोचली. नळामागे टाकी, टाकीमागे मांजरा धरण, धरणामागे पाऊस. शेवटचाच आला नव्हता.

असो. यंदा आवतन लेखी देतो: चेकआउटच्या खाली 'सबमॉड्यूल्स: रिकर्सिव्ह'. आतली किल्लीही सर्व्हरवर ठेवली आहे. लातूरकरास एवढंच सांगावं, की आधी आतलं पुश करावं, मग बाहेरचं. चाचणी आज रात्री दहाला आहे, सहकुटुंब यावे.

आपला सासरा,
मु. पो. नांदेड